गणपतीपूर्वीची रंगाची घाई आणि जांभ्याची जुनी घरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण लागला की आमच्या गुहागरात रंगाऱ्यांना उसंत नसते. चाकरमानी गणपतीला येण्यापूर्वी घर आतून-बाहेरून लख्ख दिसावे ही इच्छा स्वाभाविक आहे आणि तिच्यामागे घराविषयीची मायाच असते. परंतु दोन-अडीच महिने पाऊस पिऊन चिंब झालेली जांभ्याची भिंत, दोन दिवसांची उघडीप मिळताच प्लास्टिकच्या रंगाने बंद करून टाकणे हा त्या घरावर अन्याय आहे. खालचापाट आणि वरचापाट येथील रस्त्यालगतच्या जुन्या घरांच्या भिंती त्यामुळे डोळ्यांदेखत खराब होत आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ही घरे चिऱ्यांची म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडांची, मातीत किंवा चुन्यात रचलेली आणि चुन्याचा गिलावा केलेली आहेत. जांभा सच्छिद्र असतो. तो पावसाळाभर पाणी पितो, जोत्यातूनही ओल वर ओढतो आणि पाऊस सरल्यावर गिलाव्यातून ती सावकाश बाहेर टाकतो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर भिंतीची ही वाट मोकळी असलीच पाहिजे. अॅक्रिलिक म्हणजेच प्लास्टिकच्या रंगाचा पापुद्रा बाहेरचे पाणी अडवतो हे खरे; पण जोत्यातून, फुटक्या कौलातून किंवा चौकटीच्या फटीतून आत शिरलेल्या पाण्याला तो बाहेर पडायलाही पुरेशी वाट देत नाही. शिवाय खाऱ्या वाऱ्याने भिंतीत मुरलेले मीठ ओलीबरोबर पृष्ठभागाकडे येते, रंगाच्या मागे त्याचे स्फटिक होतात आणि ते रंगाला व गिलाव्याला आतून ढकलून पाडतात. भिंतीला लोणा लागला असे आपण म्हणतो, तो हाच.

हे मी आमच्याच घरी पाहिले. पश्चिमेच्या भिंतीवरचा, सात वर्षांच्या हमीचा रंग दुसऱ्याच पावसाळ्यात पापडासारखा फुगला. फुगवटा नखाने उचलला तेव्हा वीतभर पट्टा अखंड हातात आला. मागे मिठाची पांढरी लव होती आणि अंगठा टेकवताच गिलाव्याची वाळू भुरभुर खाली पडली. रंगाऱ्याने छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा सुचवला. तो केला, तर ओल सिमेंटच्या वरच्या कडेपाशी जाऊन बसली. अखेर सिमेंट फोडावे लागले आणि त्याला चिकटून चिऱ्याचे टवकेही निघाले. आजोबांनी बसवलेल्या चिऱ्यांच्या धारा आमच्याच हातून गेल्या, याचे वाईट वाटते.

त्यानंतर आम्ही चुन्याकडे वळलो. कळीचा चुना पत्र्याच्या पिंपात विरवला. तो खळखळून उकळतो, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवा आणि मुले दूर हवीत. दोन आठवडे तो पाण्याखाली ठेवला आणि मग कापडातून गाळून ताकाइतका पातळ केला. भिंत आदल्या संध्याकाळी भिजवून, उन्हाची तिरीप येण्यापूर्वी कुंच्याने एकेक हात दिला, असे एका दिवसाआड तीन हात. ओला हात जवळजवळ दिसतच नाही, म्हणून नवखा माणूस चुना दाट करतो आणि दाट चुना भेगाळून सुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र भिंत पांढरी झालेली असते, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना पुन्हा चुनखडीच होऊ लागलेला असतो. रंग हवा असल्यास काव, पिवळी माती किंवा नीळ मिसळावी. हे रंग चुन्यात टिकतात. चुन्यात मीठ घालण्याची जुनी रीत आहे, पण समुद्रकाठच्या भिंतीत आणखी मीठ कशाला घालावे? चुना कपड्यांना लागतो आणि झडीच्या बाजूला दर एक-दोन वर्षांनी हात द्यावाच लागतो, हे लपवण्याचे कारण नाही. मात्र तीन पावसाळे झाले, आमच्या त्या भिंतीला पोपडा आलेला नाही.

दारे-खिडक्यांविषयी एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे केंद्राचे नियम २०१६ साली निघाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीच्या तेलरंगाच्या थरांत शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी आणि ते कोरडे घासू नयेत. ओले करून खरवडावेत, खरवड गोळा करावी आणि त्या वेळी लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना घरात ठेवू नये.

गणपतीसाठी ओटी-माजघर जरूर सजवावे, पण बाहेरच्या भिंती जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत वाळू द्याव्यात. आधी कौले परतून घ्यावीत, पन्हळी दुरुस्त कराव्यात, दरजा (चिऱ्यांमधले सांधे) चुन्याने भराव्यात आणि मगच रंगाचा विचार करावा. सुटीच्या हिशेबाने हे गैरसोयीचे आहे, याची मला कल्पना आहे. अडचण त्याहून मोठी आहे ती माणसांची: चुन्याचे काम जाणणारे गवंडी आमच्याकडे बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे कोणी दिसत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या गवंड्यांना मानधन देऊन बोलवावे आणि चुना विरवण्यापासून दरजा भरण्यापर्यंतचे काम तरुणांना प्रत्यक्ष भिंतीवर शिकवावे, तसेच नगरपंचायतीने जुन्या घरांच्या दुरुस्तीला परवानगी देताना सिमेंट-गिलाव्याच्या धोक्याची लेखी सूचना द्यावी, अशी माझी विनंती आहे. अशा प्रशिक्षणासाठी भिंत हवी असल्यास आमच्या घराची उत्तरेची भिंत अजून प्लास्टिकच्या रंगाखालीच आहे. ती आम्ही आनंदाने उपलब्ध करून देऊ.

आपला नम्र,
एक वाचक, खालचापाट, गुहागर