मान्योंची कपार

बोर्दो, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, आधी तुमच्याशी भांडायचंय. सातवीच्या वर्गात तुम्ही फळ्यावर 'क्रोमॅग्नन' हे अश्मयुगातल्या माणसांचं नाव लिहून सांगितलं होतंत, की यात 'मॅग्नम' आहे, म्हणजे महान. महामानव! मी ते पेपरातही लिहिलं आणि तुम्हीच मला पूर्ण गुण दिलेत.

आज मी लेझेझीला जाऊन आले, ती माणसं जिथे सापडली त्या फ्रान्समधल्या गावी. वेझेर नदीकाठी चुनखडीचे उंच कडे आहेत आणि त्यांना पाठ टेकून घरं बांधलीत. इथे 1868 मध्ये रस्त्याचं काम चालू असताना मजुरांना खडकाखाली हाडं सापडली. पुढचं खोदकाम लुई लार्ते या भूवैज्ञानिकाने केलं. त्याचे वडील एदुआर मूळचे वकील, पण नाव काढलं ते जुन्या हाडांच्या अभ्यासात. मुलगा बापाच्याच वाटेने गेला. (आई, हसू नकोस. मी गणिताकडे वळले त्याला आता पंचवीस वर्षं झाली.)

तर नाव. इथले लोक 'क्रो-मान्यों' म्हणतात, 'ग' उच्चारतच नाहीत. 'क्रो' म्हणजे इथल्या जुन्या ऑक्सितान बोलीत खबदाड, कपार. आणि मान्यों हे त्या जागेच्या मालकाचं नाव होतं म्हणतात. म्हणजे झालं काय, तर मान्योंची कपार! आपल्याकडे 'खोताची बाव' म्हणतात ना, तस्संच. 'महान'वालेही काही आहेत, पण तेसुद्धा खबदाडालाच मोठं म्हणतात, माणसाला नाही. आता तर अभ्यासक हे नावही फारसं वापरत नाहीत. युरोपातले सुरुवातीचे आधुनिक मानव, एवढंच म्हणतात. कारण ती आपल्यासारखीच माणसं, वेगळी जात नव्हे.

एका कवटीला सगळे 'म्हातारा' म्हणतात. वय पन्नाशीच्या आतबाहेर. बाबा, तुम्ही चौऱ्याहत्तर, तेव्हा गप्प बसा. त्याच्या कपाळाच्या हाडावर खड्डा आहे. 2018 मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी मत दिलं, की त्याला चेहऱ्यावर गाठी येण्याचा जन्मजात आजार असावा. मूळ हाडं पॅरिसच्या संग्रहालयात आहेत, पण इथे उभं राहिल्यावर त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

हाडांबरोबर भोकं पाडलेले शेकडो शिंपले निघाले, अटलांटिकच्या किनाऱ्यावरचे. समुद्र इथून दीडशे किलोमीटरच्या पलीकडे आणि काळ तीसेक हजार वर्षांपूर्वीचा. कुणी चालत आणले, की हातोहात देवघेवीत आले, कोण जाणे. माळच असणार. आई, तुझ्या डब्यातल्या कवड्या आठवल्या.

आणि तुझी मानसुद्धा आठवली. त्यांतल्या काहींच्या मानेचे मणके दुखापतीनंतर एकमेकांना चिकटलेत. एका बाईच्या कवटीला मोठी जखम होती आणि त्यानंतरही ती काही काळ जगली. म्हणजे तिला कुणीतरी पाणी दिलं असेल, मांस बारीक करून भरवलं असेल. त्या कपारीत डॉक्टर नव्हता, तरी ऐकणारी माणसं होती. तुला डॉक्टरांनी पट्टा दिलाय आणि तू तो खुंटीला टांगतेस. बाबा, लक्ष ठेवा.

फोनवर एक सांगा. आपल्या खोताच्या बावीचा तो खोत कोण? त्याचं नाव कुणाला आठवतं का?

तुमची,
धाकटी