ट्रक घेतलाय, त्याबद्दल

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहितेय. वहिनीला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय, तेव्हा बाबा, मोबाइलवर डोळे बारीक करून वाचत बसू नका. थेंब घालायची वेळ झाली असेल तर आधी थेंब, मग पत्र.

दादानं ग्रुपवर फोटो टाकायची घाई केली. मला आधी तुम्हा दोघांना सांगायचं होतं. काकांनी "मार्केट यार्डात लावणार काय?" असं लिहिलं, त्याचं काही वाटलं नाही. आई, तू "एवढा टेम्पो कशाला गं?" म्हणालीस, त्याचंही नाही. बाबांनी मात्र ना किंमत विचारली, ना ॲव्हरेज. "हप्ता किती वर्षांचा?" एवढंच. मी सहा म्हटलं आणि तुम्ही "बरं" म्हणून फोन आईकडे दिलात. त्यावर येते. पण आधी गाडीचं सांगते, कारण ते ऐकल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही.

गाडी फोर्डची एफ-१५०. २०२२ ची, वापरलेली, हायब्रीड. इथं ही गाडी कुणाला नवलाची नाही. १९७७ पासून अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारी पिकअप याच मालिकेची, आणि टेक्सासमध्ये तर डॉक्टर, मास्तर, बँकेतले लोक सगळे पिकअपनंच कामावर जातात. हौद्यात बहुतेकांच्या काहीही नसतं. आता त्यातच माझी भर. पुढे-मागे मिळून चार दारं, मागं साडेपाच फुटांचा हौदा. लांबी १९ फुटांच्या वर, रुंदी आरसे सोडून साडेसहा फुटांच्या वर. बॉडी ॲल्युमिनियमची आहे. चिंगीनं फ्रिजवरचे चुंबक दाराला लावून बघितले, एकही चिकटला नाही, तर "आई, गाडी खोटी आहे" म्हणून रडली.

ॲव्हरेज तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. कागदावर लिटरला साडेदहा किलोमीटर. तुम्ही एसटी चालवायचात तेव्हा डेपोच्या फळ्यावर तुमच्या नावापुढे दहा लिटरला किती किलोमीटर ते लिहायचे ना, त्या हिशोबानं शंभराच्या थोडं वर. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये विजेची मोटर आहे. ब्रेक मारला की ती बॅटरी भरते, आणि ट्रॅफिकमध्ये रांगत जाताना इंजिन बंद होऊन गाडी नुसत्या बॅटरीवर सरकते. माझं ऑफिस ह्यूस्टनच्या डाउनटाउनला, म्हणजे शहराच्या मध्यात, आणि घर केटी या उपनगरात. सांगलीहून रोज कोल्हापूरला जाऊन परत यावं एवढं होतं. आधीच्या छोट्या गाडीला पेट्रोल कमी लागायचं, हे खरंच. पण जुनी विकून जे आले ते यात घातले, आणि बाकीचा हप्ता आमच्या दोघांच्या पगारात आरामात बसतो. तुमचे जावई सगळं एक्सेलमध्ये मांडून बसले होते. हवं तर पाठवते.

"तिथं बस नाही का?" हे बाबा मनात म्हणालेच असतील. आहे. इथल्या सरकारी बसची पार्क अँड राइड म्हणून सोय आहे, गाडी थांब्यावर लावायची आणि बसनं डाउनटाउनला जायचं. मी अधूनमधून जाते. गाडी वेळेवर सुटते आणि ड्रायव्हरला सगळे उतरताना थँक यू म्हणतात, तुम्हाला बघून बरं वाटेल. पण दुपारच्या वेळी गाड्या विरळ असतात. शाळेतून चिंगीचा फोन आला की बसची वाट बघत थांबता येत नाही. तिचा दमा तुम्हाला माहीत आहे.

खरं कारण तिथूनच सुरू होतं. २०२४ च्या जुलैत बेरिल चक्रीवादळ आलं, तेव्हा फोनवर मी "सगळं ठीक" म्हटलं होतं. ठीकच होतो. पण ह्यूस्टन भागात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती आणि त्यात आमचं घर होतं. बाहेर जुलैचं ऊन, आत पंखा नाही, आणि चिंगीचं दम्याचं वाफेचं मशीन विजेवर चालतं. आम्ही तिला घेऊन मैत्रिणीकडे गेलो, तिच्याकडे वीज होती. त्याआधी २०२१ च्या फेब्रुवारीतल्या थंडीत टेक्सासभर लाखो घरांची वीज गेली, तेव्हा चिंगी तान्ही होती. त्या वेळी गरम राहायला लोकांनी गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या, घरात शेगड्या पेटवल्या आणि धुरानं माणसं गेली. हा ट्रक ७.२ किलोवॉटचा जनरेटरपण आहे. हौद्यात चक्क प्लगचे बोर्ड आहेत. घराबाहेर उभा करायचा, वायर आत घ्यायची. फ्रिज, पंखे, मशीन, दिवे सगळं चालतं. आणि हो, बाहेरच उभा करायचा, गॅरेजमध्ये कधीच नाही, हे मला पाठ आहे.

वेगळा जनरेटर घेतला असता तर स्वस्त पडला असता, हेही मला माहीत आहे. पण मग रोजचं जाणं-येणं तसंच त्या खुज्या गाडीतून राहिलं असतं. इथला केटी फ्रीवे बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी २६ लेनचा आहे, बाबा. चारी बाजूंनी उंच गाड्या, आणि मध्ये आपण विहिरीत बसल्यासारखे. पुढच्यानं ब्रेक का मारला ते कळायच्या आधी त्याचे दिवे अंगावर यायचे. आता तीन-चार गाड्यांच्या पलीकडचं दिसतं. पहिल्या दिवशी सीटवर बसले आणि मला एकदम जुनी एसटी आठवली, इंजिनाचं बॉनेट आत असायचं ती. त्यावर गोणपाट टाकून तुम्ही मला बसवायचा. खालून ऊब, पायाला कंप, आणि समोर सगळा रस्ता आपल्याच मालकीचा. आई डब्यात गुळपोळी द्यायची आणि ती इष्टीत संपवायची नाही असं बजावायची. मिरजेपर्यंत संपलेली असायची. तुम्हीही खायचात, बाबा, हे आईला आज सांगते.

पाण्याचं बोलू. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर तुम्हाला पाणी काय असतं ते मी सांगायला नको. ह्यूस्टनमध्येही पावसाळी गटारं तुंबतात, पुलाखालचे रस्ते तळी होतात, आणि २०१७ च्या हार्वी वादळात काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. ट्रक उंच आहे म्हणून मी पाण्यात घालेन, अशी भीती धरू नका. दोन फूट वाहतं पाणी असलं की असा ट्रकही वाहून जाऊ शकतो, तसं इथलं हवामान खातंच सांगतं. पण मला ते खात्यानं सांगायच्या आधी तुम्ही शिकवलंय. ओढ्याच्या पुलावर अख्खी गाडी "घाला हो ड्रायव्हर, घाला" म्हणून ओरडत होती आणि तुम्ही इंजिन बंद करून खाली उतरून विडी पेटवलीत. (विडी आता बंदच आहे ना? मी आईला विचारणार आहे.)

सगळं गुणगानच करतेय असं नको वाटायला. पार्किंगची पट्टी साधारण १८ फुटांची असते, म्हणजे माझं नाक किंवा शेपूट नेहमी बाहेर. ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी वरच्या मजल्यावर जाते, रिव्हर्समध्ये लावते आणि तेवढं चालत येते. एका दमात वळत नाही. मागं स्प्रिंगचे पाटेच आहेत, एसटीसारखे, त्यामुळे कुठलीही पिकअप रिकामी असली की जशी मागून उडते तशी हीपण खड्ड्यात उडते. आणि जिची मला खरोखर भीती वाटते ती गोष्ट म्हणजे बॉनेटची उंची. इथल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये अभ्यास केला. ज्या गाड्यांचं बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच, त्यांची धडक बसलेला पायी माणूस दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. लहान मूल पुढं उभं असलं तर दिसतच नाही. म्हणून चिंगी सीटवर बसून पट्टा लावल्याशिवाय मी किल्लीला हात लावत नाही. पुढं-मागं कॅमेरे आहेत, तरी निघताना गाडीभोवती एक चक्कर मारते आणि चारी टायरांवर लाथ घालते. शेजारची बाई बघून हसते. तिला काय माहीत मी कुणाची मुलगी.

जाता जाता एक गंमत, आई, तुझ्यासाठी. परदेशी पिकअप इथं फारशा का येत नाहीत, तर कोंबड्यांमुळे. साठच्या दशकात युरोपातल्या देशांनी अमेरिकेच्या कोंबड्यांवर जकात वाढवली. मग राष्ट्राध्यक्ष जॉन्सन साहेबांनी उलट बाहेरून येणाऱ्या छोट्या ट्रकांवर २५ टक्के कर बसवला, १९६४ पासून. कोंबड्यांचं भांडण केव्हाच मिटलं, कर राहिला. आता काकांना सांग, भाजीचा नाही, कोंबडीचा टेम्पो आहे.

तुझ्या गुडघ्याचंही बघून ठेवलंय. दार उघडलं की पायरी आपोआप खाली येते. दाराशेजारी धरायला दांडा आहे. डावा पाय आधी पायरीवर, मग दांडा, मग वर. मी मागं उभी राहीन, घाई नाही. मागच्या सीटला पाय पसरायला साडेतीन फूट जागा आहे आणि खाली सपाट, मध्ये उंचवटा नाही, त्यामुळे मांडीसुद्धा घालता येईल. मागं एसीच्या झडपा वेगळ्या, त्या तुझ्याकडून बंद करायच्या. खिडकी मोठी आहे, तुला मळमळणार नाही. तरी आलेपाक ठेवलाय. पेअरलँडच्या मीनाक्षी मंदिरात जायचं तुझं राहिलंय, ते या गाडीनं जाऊ. आणि गणपतीत मंडळाचे ढोल आमच्या हौद्यातून जाणार, असं मला न विचारताच ठरलंय. पिकअप असलेल्या माणसाला इथं एकाएकी खूप मित्र होतात.

आता त्या 'बरं'चं.

सहा वर्षं म्हणजे चिंगी सातवीत. आणि ती पाचवीत जायच्या आत परत येऊ, असं आपलं बोलणं झालेलं. हा हिशोब तुम्ही फोन हातात असतानाच केलात. हप्त्यानं आम्ही बांधले गेलो असं काही नसतं, बाबा. गाडी मधेच विकता येते, इथं वापरलेल्या पिकअपला गिऱ्हाईक लगेच मिळतं, कर्ज आधी फेडता येतं. हे सगळं खरं आहे, पण एवढंच सांगून थांबले तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल. आम्ही अजून काही वर्षं इथंच राहायचं ठरवलंय. गाडी घेतली म्हणून ठरलं नाही, ठरलं होतं म्हणून गाडी घेतली. चिंगीचे डॉक्टर इथं आहेत, तिचा श्वास आता कुठं मार्गी लागलाय. ह्यांचंही काम आत्ता मध्येच सोडण्यासारखं नाही. किती वर्षं हे मी लिहीत नाही, कारण लिहिलेलं तुम्ही कॅलेंडरवर मांडून ठेवता.

म्हणून तुम्हाला एकटं सोडलं असं मनात आणू नका. दादा-वहिनी आहेतच, पण त्यांच्यावर टाकून मी मोकळी झाले असंही नाही. दर वर्षी मी येणार, चिंगीला सुट्टी असो-नसो. तुम्ही इथं या, चार-पाच महिने निवांत राहा. मिरजेच्या जागेचं जे ठरलंय ते तसंच राहू दे, माझ्या नावाचा विचार करून काही बदलू नका. आणि बाबा, पुढच्या वेळी "बरं" म्हणून फोन देऊन टाकायचा नाही. रागवा. मला चालतं.

आता ऐका. तिकिटं मी काढते, दादाला त्रास नको. विमानतळावर दोघांनीही व्हीलचेअर मागायची. आई, "मी काय म्हातारी आहे का" नको. चालता येत नाही म्हणून नव्हे, लांबच लांब रांगेतून सुटका होते म्हणून. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट, सामानात टाकायची नाहीत. विमा मी इथून काढते, तुम्ही कुणाच्या भाच्याकडून काढू नका. बाबांनी अंधार पडल्यावर स्कूटर काढायची नाही, डोळ्याचे डॉक्टर ठीक म्हणेपर्यंत दिवसाही नाही. पेपर आणायला चालत जा, शंभर पावलांवर आहे. आईनं फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलेला व्यायाम खुर्चीत बसून करायचा, टीव्ही बघत केला तरी चालेल. पाण्याची कळशी गच्चीवर न्यायची नाही. तुळशीला वहिनी पाणी घालेल.

इथं आल्यावर बाबा ट्रक चालवायला मागणार. हमरस्त्यावर देणार नाही. रिकाम्या पार्किंगमध्ये एक फेरी, तीही मी शेजारी बसून, आणि मी "ब्रेक" म्हटलं की ब्रेक.

मेतकूट आण, कांदा-लसूण मसाला आण, लोणच्याची काचेची बरणी आणू नको. आणि बाबांचा शुगरचा रिपोर्ट आलाय असं वहिनी म्हणाली, मला अजून फोटो मिळालेला नाही. दोन्ही पानांचा पाठवा, मागच्या पानासकट. आजच.

तुमची,
बबी