स्टुडंट पोर्टल खऱ्या विद्यार्थ्यालाच बाहेर का ठेवतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठांनी फॉर्म, फी, हॉल तिकीट, निकाल सगळं स्टुडंट पोर्टलवर आणलं हे चांगलंच झालं, खिडकीपुढे तासन्‌तास उभं राहणं वाचलं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाहीये. तक्रार आहे ती लॉगिनची आणि लॉगिन झाल्यावर पोर्टल जसं वागतं त्याची. मी कॉलेजच्या लायब्ररीत काम करते, पोर्टलमध्ये अडकलेली मुलं परीक्षेच्या आधी आमच्याच कॉम्प्युटरवर येऊन बसतात, आणि त्यातल्या बहुतेकांना आधी कुठेतरी ऐकवलेलं असतं की चूक तुझीच आहे, तू नीट भरलं नाहीस. खूपदा चूक त्यांची नसतेच, पोर्टलच तसं बनवलेलं असतं, आणि हे मोठ्याने बोललं जात नाही म्हणून पत्र लिहितेय.

सगळ्यात जास्त रडवतं ते सेशन एक्स्पायर होणं, म्हणजे लॉगिनची वेळ संपून आपोआप बाहेर पडणं. मुलगी फॉर्म भरत असते, विषयांचे कोड शोधते, मागच्या सेमिस्टरचे मार्क बघून टाकते, फोटो केबीत बसवते, आणि सबमिट दाबलं की थेट लॉगिनचं पान समोर, भरलेलं सगळं गेलेलं. ती म्हणते मी तर सतत टाइप करत होते मग वेळ संपली कशी? तर बहुतेक साईटवर सर्व्हरला तुमचं टाइप करणं दिसतच नाही, तुम्ही एखादं बटण दाबून माहिती पाठवली तरच त्याला कळतं की माणूस जागेवर आहे, तोपर्यंत त्याच्या हिशोबाने तुम्ही रिकामे बसलेले असता. यावर उपाय काही नवा नाहीये. वेबसाईट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात त्यांना, त्यात 2008 पासून लिहिलंय की वेळ संपायच्या आधी सूचना द्या आणि साध्या एका क्लिकने वेळ वाढवून घ्यायला निदान 20 सेकंद द्या. आणि दर पानाला 'सेव्ह ड्राफ्ट' दिलं तर पुन्हा लॉगिन करावं लागलं तरी काही बिघडत नाही. हळू टाइप करणारे, हाताला त्रास असलेले, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे विद्यार्थी पण असतातच की, त्यांनी काय करायचं?

दुसरं ओटीपीचं. मेसेज आला नाही म्हणून मुलगा 'रीसेंड' दाबतो, परत दाबतो, मग दोन-तीन मेसेज एकदम येतात, तो पहिला दिसलेला आकडा टाकतो आणि पोर्टल म्हणतं चुकीचा ओटीपी, कारण नवीन मागवला की जुना रद्द होतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. त्याच पानावर एक ओळ लिहायला काय हरकत आहे की फक्त शेवटचा ओटीपी चालेल? त्याहून वाईट म्हणजे ओटीपी जातोच भलत्या नंबरवर. ॲडमिशनच्या वेळी फॉर्म भरून देणाऱ्याने घाईत स्वतःचा नंबर टाकलेला असतो, किंवा घरच्यांचा जुना नंबर असतो जो केव्हाच बंद झालाय, आणि नंबर बदलायचा तर आधी लॉगिन करा असं पोर्टल सांगतं, लॉगिनला ओटीपी लागतो आणि ओटीपी त्या बंद नंबरवर! यातून बाहेर पडायचा रस्ता पोर्टलवरच नसतो, विद्यापीठात जाऊन अर्ज द्यावा लागतो, आणि तोपर्यंत फॉर्मची तारीख निघून जाते. कॉलेजच्या ऑफिसला ओळखपत्र बघून तिथल्या तिथे नंबर बदलायचा अधिकार दिला आणि कोणी कधी बदलला याची नोंद ठेवली तर हा प्रश्न एका दिवसात सुटेल असं मला ठाम वाटतं. मुलांना आणि पालकांना पण एकच विनंती, पोर्टलला नंबर आणि ईमेल विद्यार्थ्याचाच द्या, दुसऱ्या कोणाचा नको.

पासवर्डबद्दल तर बोलायलाच नको अशी परिस्थिती आहे. सुरुवातीचा पासवर्ड म्हणजे जन्मतारीख आणि युजरनेम म्हणजे एनरोलमेंट नंबर. हा नंबर नोटीस बोर्डावरच्या यादीत असतो, वाढदिवस वर्गात सगळ्यांना माहीत असतो, मग कोणीही कोणाच्याही खात्यात शिरू शकतं. आणि त्याच पोर्टलवर पुढे दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती! अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने 2017 मध्येच सांगितलंय की ठराविक मुदतीने उगाच पासवर्ड बदलायला लावू नका, तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा, कारण सक्ती केली की लोक जुन्याच पासवर्डच्या शेवटी 1 च्या जागी 2 करतात. त्याच सूचनांमध्ये पासवर्ड पेस्ट करू द्यावा असंही आहे, पण कित्येक पोर्टल पेस्ट बंद ठेवतात, त्यामुळे पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप, वापरणाऱ्यालाच त्रास. आणि चुकीच्या प्रयत्नांना निस्टने वरची मर्यादा ठेवलीये ती 100 ची, इथे तिसऱ्या चुकीला खातं दिवसभर लॉक. एनरोलमेंट नंबर ओळीने असतात, म्हणजे कोणी खोडसाळपणे शेजारच्याच्या नंबरवर तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला की परीक्षेच्या आदल्या रात्री त्याचं हॉल तिकीट अडकलं. लॉक करण्यापेक्षा दर चुकीनंतर थोडं थोडं जास्त थांबायला लावा, चोर पण वैतागेल आणि मूल पण अडकणार नाही.

अजून एक, 'पासवर्ड विसरलात' दाबल्यावर पोर्टलने तुमचा जुनाच पासवर्ड जसाच्या तसा ईमेलवर पाठवला तर समजून जा की तो तिथे उघडा किंवा परत वाचता येईल असा ठेवलेला आहे. नीट बनवलेल्या सिस्टीममध्ये तो विद्यापीठालाही दिसत नाही, त्यांना फक्त नवीन सेट करायची लिंक पाठवता येते. असं दिसलं तर तो पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरत असाल तर तिथला लगेच बदला आणि विद्यापीठाला लेखी कळवा.

फीचं पण थोडं सांगते कारण त्यात पैसे जातात. खात्यातून पैसे कट झाले आणि पोर्टलवर पेंडिंग, मग घाबरून मुलं दुसऱ्यांदा भरतात. पैसे भरल्यावर बँकेच्या पानावरून तुम्ही पोर्टलवर परत येता तेव्हा 'भरले' ही बातमी तुमच्याच ब्राउझरमार्फत पोहोचते, मधे नेट गेलं की ती वाटेतच राहते. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी मधली सेवा, पोर्टलच्या सर्व्हरला परस्पर पण कळवू शकतो, ती सोय जोडून घेणं विद्यापीठाचं काम आहे, विद्यार्थ्याचं नाही. तोवर मुलांनी ट्रान्झॅक्शन आयडीचा स्क्रीनशॉट ठेवावा, लगेच दुसऱ्यांदा भरू नये, हेल्पलाइनला ईमेल करून तो आयडी द्यावा, फोनवर बोलून सोडून देऊ नये.

आणि लिंक बघून घ्या रे मुलांनो, निकालाच्या दिवशी ग्रुपवर फिरणाऱ्या लिंकवरून लॉगिन अजिबात करू नका. ॲड्रेसमध्ये कुलूप दिसलं म्हणजे साईट खरी असं नसतं, कुलूप एवढंच सांगतं की मधे कोणी वाचू शकत नाही, पलीकडे कोण बसलंय ते ते सांगत नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर काम झाल्यावर नुसती टॅब बंद करून निघून जाणारी मुलं मी रोज बघते, लॉगआउट दाबाच, नाहीतर पुढचा येऊन बसणारा तुमच्या खात्यातच बसतो.

विद्यापीठांकडे माझं मागणं साधं आहे. पुढच्या एक्झाम फॉर्मच्या आधी पोर्टल बनवणाऱ्या लोकांनी एखाद्या कॉलेजमध्ये येऊन बसावं आणि जुन्या मोबाईलवर, हळू नेटवर एका विद्यार्थ्याला पूर्ण फॉर्म भरताना मधे न बोलता बघावं. आणि शेवटच्या तारखेला पोर्टल जितके तास बंद पडलं तितकी मुदत आपोआप वाढावी, लेट फी न घेता. सर्व्हर कधी बंद होता आणि कोणाचं लॉगिन किती वाजता फेल झालं याची नोंद सर्व्हरवर ठेवता येते, मग मुलांकडून स्क्रीनशॉटचे पुरावे का मागता, आधी ती नोंद उघडून बघा ना.

आपली,
एक ग्रंथालय कर्मचारी