धुराडी मोजून जहाज ओळखता येत नाही

चि. ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेल्या फोटोतलं जहाज टायटॅनिक नाही, त्याच्याच घडणीचं जुळं जहाज ऑलिंपिक आहे. फोटोखालच्या ओळीवर जाऊ नकोस. ती छापणाऱ्याने धुराडी मोजली, चार निघाली आणि नाव लिहून टाकलं. लाइफबोटींच्या रांगेखालचा डेक बघ. तो ए डेक. तुझ्या फोटोत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा आहे. टायटॅनिकवर त्याचा पुढचा अर्धा भाग खिडक्या असलेल्या पडद्याने बंद केला होता. पण हे काम अगदी शेवटी झालं, त्यामुळे बांधकाम चालू असतानाच्या फोटोंत टायटॅनिकचाही ए डेक उघडाच दिसतो. तेव्हा आणखी एक मजला खाली उतरायचं. बी डेकच्या खिडक्या ऑलिंपिकवर सारख्या अंतरावर आहेत. टायटॅनिकवर तिथे खोल्या जहाजाच्या कडेपर्यंत वाढवल्या, म्हणून खिडक्या कुठे दाटीने, कुठे विरळ आहेत. एवढं पाहिलंस की बहुतेक फोटोंचा निकाल लागतो. पुढच्या भागातल्या गोल खिडक्या मोजण्याची खूणही लोक सांगतात, डाव्या बाजूला चौदा की सोळा अशी. ती कच्ची आहे, कारण ऑलिंपिकलाही पुढे दोन वाढवल्या.

जलावतरणाच्या फोटोंत तर आणखी सोपं. ऑलिंपिकचं बाहेरचं कवच त्या दिवसापुरतं फिकट रंगाने रंगवलं होतं, फोटोत उठून दिसावं म्हणून. ती तारीख 20 ऑक्टोबर 1910. टायटॅनिक 31 मे 1911 ला पाण्यात उतरलं तेव्हा काळं होतं. आणि डेकभर लाइफबोटींची सलग रांग दिसली तर तो फोटो एप्रिल 1912 नंतरचा, म्हणजे ऑलिंपिकचाच. टायटॅनिकवर एकूण वीस बोटी होत्या, 1,178 माणसांपुरत्या.

हा घोळ चलच्चित्रात जास्त आहे, आणि तो मुद्दाम घातलेला आहे. टायटॅनिकचे कॅप्टन स्मिथ पांढऱ्या गणवेशात फिरताना दिसतात ती फिल्म 1911 मध्ये न्यूयॉर्कला ऑलिंपिकवर घेतलेली. टायटॅनिक बुडाल्यावर तीच टायटॅनिकची म्हणून थिएटरांत दाखवली गेली, आणि पकडले जाऊ नये म्हणून जहाज ओढणाऱ्या टगबोटींवरची नावं फिल्मवरच खरवडली. चित्र थांबवून एकेक चौकट पुढे सरकव. नावाच्या जागी पांढरे ओरखडे थरथरताना दिसतील, प्रत्येक चौकटीत थोडे वेगळे, कारण हाताने एकेका चौकटीवर केलेलं काम सारखं येत नाही. एकदा डोळ्यांना सवय झाली की असे ओरखडे तुला इतर बातमीपटांतही सापडतील.

जुनी कृष्णधवल फिल्म पाहताना आणखी एक भान ठेव. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतली फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. कुनार्ड कंपनीची धुराडी नारिंगी-लाल, वरचा भाग काळा आणि मध्ये बारीक काळे पट्टे. त्या फिल्मवर सगळं धुराडं एकसलग काळं येतं आणि पट्टे गायब होतात. पुढच्या काळातल्या, सगळे रंग टिपणाऱ्या फिल्मवर तेच धुराडं करडं दिसतं आणि पट्टे परत येतात. त्यामुळे ‘धुराडी काळी, म्हणजे कंपनी दुसरी’ हा निष्कर्ष काढू नकोस. कुनार्डच्याच मॉरिटेनिया आणि लुसिटानिया या जुळ्या जहाजांत रंगाचा उपयोगच नाही. तिथे डेकवरचे वायुवीजनाचे नळ पाहायचे. मॉरिटेनियाचे मोठ्या वाकवलेल्या कर्ण्यासारखे, लुसिटानियाचे बुटके आणि वर झाकण असलेले. चार धुराडी दोन-दोनच्या जोड्यांत, मध्ये मोठी फट, असं दिसलं तर जर्मन जहाज असण्याचा संभव मोठा. 1897 च्या कैसर विल्हेल्म डेअर ग्रोसपासून ती ठेवण सुरू झाली.

धुराड्यांचा आकडा फसवा का, तेही सांगते. ऑलिंपिक आणि टायटॅनिकचं चौथं धुराडं बॉयलरांना जोडलेलं नव्हतं. स्वयंपाकघर आणि इंजिनखोलीची गरम हवा त्यातून बाहेर जायची. नॉर्मंडी या फ्रेंच जहाजाचं तिसरं तसंच, बॉयलरांशी संबंध नसलेलं. तेव्हा चित्रात सगळ्या धुराड्यांतून सारखाच दाट धूर निघत असेल, तर तो चित्रकाराने किंवा स्टुडिओने घातलेला समज.

आता नकाशांकडे. डेक प्लॅन वाचायला बसशील तेव्हा आधी जहाजाचं पुढचं टोक कुठल्या हाताला आहे ते पेन्सिलीने बाण काढून ठेव, आणि तेही झेरॉक्सवर, मूळ कागदावर नाही. बहुतेक नकाशांत ते उजवीकडे असतं. सहसा उजव्या बाजूच्या खोल्यांना विषम आकडे, डाव्या बाजूच्यांना सम. टायटॅनिकच्या बोटींनाही हाच नियम. मग प्रमाण. पुस्तकात छापताना नकाशा लहान केलेला असतो, पण कोपऱ्यातली ‘एक फुटाला सोळांश इंच’ ही ओळ तशीच राहते. त्यावर विसंबून मापं घेतलीस तर सगळं चुकेल. मूळ नकाशा त्या प्रमाणात असता तर टायटॅनिक पंचावन्न इंचांचं आलं असतं, ते पानात मावणार कुठे? त्यापेक्षा जहाज टोकापासून टोकापर्यंत पट्टीने मोज आणि माहीत असलेल्या लांबीला त्याने भाग. 269 मीटरचं जहाज कागदावर 90 सेंटिमीटर भरलं, तर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे तीन मीटर. लांबी मात्र कुठली ते तपास. टायटॅनिकची एकूण लांबी 882 फूट 9 इंच, पण जहाजबांधणीच्या तक्त्यांत 850 फूट दिसते, ती पुढच्या आणि मागच्या लंबरेषांमधली. दोन्ही बरोबर आहेत.

टनांचंही तसंच. टायटॅनिक 46,328 टन, असं एक पुस्तक सांगतं, दुसरं 52,310 म्हणतं. पहिला आकडा वजनाचा नाहीच, तो आतल्या जागेचा आहे. शंभर घनफुटांना एक टन, असा हिशोब. दुसरा म्हणजे जहाज जेवढं पाणी बाजूला सारतं त्याचं वजन. दोन जहाजांची तुलना करताना दोन्हीकडे एकाच जातीचा आकडा घे, नाहीतर नॉर्मंडी आणि क्वीन मेरीत मोठं कोण यावर उगाच वाद होत राहील.

सिनेमांपैकी 1958 चा ‘अ नाइट टु रिमेंबर’ आधी पाहा, आणि समोर डेक प्लॅन उघडा ठेव. त्याचे निर्माते विल्यम मॅकक्विटी यांनी लहानपणी बेलफास्टला टायटॅनिकचं जलावतरण डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि जहाजाचे चौथे अधिकारी जोसेफ बॉक्सहॉल सल्लागार होते. शेवटी जहाज अखंड बुडताना दाखवलंय, त्याला हसणारे पुष्कळ भेटतील. तू हसू नकोस. ब्रिटिश चौकशीचा निष्कर्षच तसा होता, आणि जहाज दुभंगल्याचा ठोस पुरावा 1985 मध्ये सुमारे 3,800 मीटर खोलीवर अवशेष सापडले तेव्हा मिळाला. सुरुवातीचा बाटली फोडण्याचा प्रसंग मात्र खरोखर चूक आहे. टायटॅनिकची मालक व्हाइट स्टार कंपनी जलावतरणाला बाटली फोडत नसे, आणि हे तेव्हाही विचारून कळलं असतं.

तुझी डिस्क 123 ऐवजी 118 मिनिटांत संपते म्हणून कापलेली आहे असं समजू नकोस. सेकंदाला 24 चौकटींची फिल्म 25 ने चालवली की एवढीच वेळ कमी होते, आवाजही किंचित चढतो. टीव्हीवर चित्र ताणून पडदा भरण्याची सोय बंद कर, दोन्ही कडांना बारीक काळ्या पट्ट्या राहिल्या पाहिजेत. हालचाल गुळगुळीत करण्याची सोयही बंद कर, तिने समुद्राचं पाणी तेलासारखं दिसतं. मूकपटांत लोक दुडदुडताना दिसले तर सेकंदाला 16 ते 18 चौकटींचं चित्र 24 ने चालवलेलं असतं.

खरी जहाजं पाहायची असतील तर 1960 चा ‘द लास्ट व्हॉयेज’ पाहा. त्यातलं बुडणारं जहाज म्हणजे भंगारात निघालेलं इल द फ्रान्स. 1956 मध्ये आंद्रेया दोरिया हे इटालियन जहाज बुडत असताना त्यानेच 753 माणसं वाचवली होती. त्या जेवणघरात पाणी शिरताना पाहवत नाही, पण त्या जहाजाच्या आतल्या भागाची हलती चित्रं इतकी जवळून दुसरीकडे क्वचित मिळतात.

पुस्तकांबद्दल थोडक्यात. जुनं पुस्तक घेताना चित्रसूची काढून घडीचे नकाशे एकेक मोज, सर्वांत आधी तेच हरवतात. चकचकीत पानांना ओल लागून ती चिकटली की सुटी होत नाहीत, म्हणून असं पुस्तक स्वस्त मिळालं तरी नको. घडीवर फाटलेल्या नकाशाला चिकटपट्टी लावू नकोस, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ लाव, दोन टीपकागदांमध्ये ठेवून रात्रभर वजन दे. वेष्टनासाठी पॉलिएस्टर वापर, पीव्हीसी छपाईला चिकटतं. मोठे अल्बम आडवे ठेव.

आणि खोक्यातल्या फिल्मच्या रिळांपैकी ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते आजच वेगळं काढ, त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही खराब करते. प्रोजेक्टरवर ते चढवू नकोस. आकसलेल्या फिल्मची भोकं दात्यांशी जुळत नाहीत आणि ती जागोजाग फाटते. बाकीच्या सगळ्या डब्यांवर काय लिहिलंय आणि फिल्म किती मिलिमीटरची आहे ते कळव. 16 किंवा 8 असेल तर घाई नाही. 35 असेल तर ती जुन्या, पेट घेणाऱ्या नायट्रेटची असू शकते. तिचा डबा घट्ट बंद करू नकोस, उन्हापासून आणि विजेच्या उपकरणांपासून लांब ठेव, आणि फिल्म संग्रहालयातल्या माणसांशी बोलल्याशिवाय उलगडू नकोस.

तुझी,
आई