पायथन शिकवताना मराठी नावं घ्या

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

आमच्याकडं परभणी, हिंगोली, नांदेडात आता बऱ्याच पोरापोरींना थोडंफार पायथन (कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची भाषा) येतंय, कॉलेजात प्रॅक्टिकल असतं, गल्लोगल्ली क्लासेस निघालेत, आणि त्यातला सुरुवातीचा प्रश्न ठरलेलाच, दिलेल्या शब्दात अमुक अक्षर किती वेळा आलंय ते मोजा. शब्द कोणता तर इंग्रजीतला बनाना (banana), ए किती तर तीन, झालं, चला पुढं. मला ह्यावरच बोलायचंय, कारण हीच पोरं उद्या शाळेच्या, पतसंस्थेच्या, ग्रामपंचायतीच्या याद्या साफ करायला बसतात आणि त्या याद्या सगळ्या मराठीत असतात.

मराठवाडा हाच शब्द घ्या ना. आपण वाचताना म, रा, ठ, वा, डा अशी पाच अक्षरं धरतो. पायथनला लांबी विचारली की 8 सांगतो, कारण तीन काने तो वेगळे मोजतो, त्याच्या लेखी प्रत्येक चिन्ह म्हणजे एक वेगळा कोड. बाइट (कॉम्प्युटरच्या साठवणीचं छोटं माप) मोजले तर 24, कारण युटीएफ-8 (अक्षरं बाइटात साठवायची नेहमीची पद्धत) मधे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, मग ते व्यंजन असो का नुसता काना. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण नेमकं काय मोजायचंय हे आधी ठरवावं लागतं आणि बनानामधे ते ठरवायची वेळच येत नाही, तिथं तिन्ही आकडे सारखेच येतात. ह्याच शब्दात आ किती असं काउंट फंक्शनला विचारलं तर शून्य येतं, कान्याचं चिन्ह दिलं तर 3 येतं, नवीन पोराला वाटतं कॉम्प्युटरच बिघडला.

लिनक्सवर (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) तर अजून अवघड. अक्षर मोजायला टीआर (tr) कमांडनं बाकीचं सगळं उडवायचं आणि उरलेलं डब्ल्यूसी (wc) कमांडनं मोजायचं ही युक्ती सगळीकडं शिकवतात, इंग्रजीला ती एकदम चालते. पण लिनक्सवरचा टीआर बाइटवर काम करतो. मराठवाडा शब्दात क किती हे असं विचारून बघा, उत्तर 16 येतं! शब्दात एकही क नाही. होतं काय की क चे तीन बाइट असतात, त्यातले पहिले दोन ह्या शब्दातल्या आठही चिन्हांना सारखेच आहेत, त्यामुळं ते उडतच नाहीत, आठ दुणे सोळा. ग्रेप मायनस ओ (grep -o, सापडलेलं प्रत्येक अक्षर वेगळ्या ओळीवर काढणारी कमांड) वापरून ओळी मोजल्या की बरोबर शून्य येतं. आणि ग्रेप मायनस सी (grep -c) वर विसंबू नका, तो अक्षर किती ओळींत आहे तेवढंच मोजतो, बाबासाहेब मधे ब तीनदा आहे पण तो एकच सांगणार.

आता आपल्या नावांचं बघा. कऱ्हाळे, वऱ्हाडे असली आडनावं बऱ्याच याद्यांत क-हाळे, व-हाडे अशी मधे डॅश टाकून लिहिलेली सापडतात कारण टायपिंग करणाऱ्याला तो ऱ्ह काढता येत नाही, मग ऱ शोधला तर ती माणसं यादीत सापडतच नाहीत. ऑ चं तसंच, कुणी अख्खा ऑ टाइप करतं, कुणी आ वर चंद्र देतं, स्क्रीनवर दोन्ही एकसारखे पण कोड वेगळे, आणि नॉर्मलाइज केलं (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणायची तयार सोय वापरली) तरी ते एक होत नाहीत, मोजण्याआधी आपल्यालाच बदलून घ्यावे लागतात. ॲ ला तर युनिकोडमधे (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना कोड देणारी जागतिक यादी) स्वतःची जागा मिळाली 2008 मधे, जुन्या फायलींत त्याच्या जागी काहीही असू शकतं.

हे नुसतं परीक्षेपुरतं नाही हो. समजा एखाद्या प्रोग्रॅममधे जिल्ह्याच्या नावाला 30 बाइटची जागा ठेवलीय. औरंगाबाद 24 बाइटात बसायचं, उस्मानाबाद बरोबर 30 मधे बसायचं. 2023 मधे नावं बदलली, धाराशिवचे 21 च होतात, पण छत्रपती संभाजीनगरला स्पेस धरून 49 लागतात, म्हणजे तिथं छत्रपती सं एवढंच राहणार आणि पुढं एक तुटकं चिन्ह. माणसाच्या नावाचं असं झालं तर त्या माणसाला आधार आणि अर्ज जुळत नाही म्हणून तालुक्याला खेटे घालावे लागतात, चूक त्याची काडीची नसताना.

जोडाक्षर धरून मोजायची सोय सुद्धा आहे. युनिकोडनं 2023 च्या 15.1 आवृत्तीत नियम बदलला, तेव्हापासून छत्रपती मधला त्र त्यांच्या हिशोबात एकच अक्षर धरला जातो, त्याआधी त् आणि र वेगळे पडायचे. म्हणून लायब्ररी (प्रोग्रॅममधे वापरायचा तयार फंक्शनांचा संच) जुनी का नवी हे पण पोरांना बघायला शिकवलं पाहिजे.

माझी विनंती एवढीच की नांदेड आणि संभाजीनगरच्या आपल्या दोन्ही विद्यापीठांनी बीसीए, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमधे ह्या प्रश्नाला एक तरी मराठी नावांची यादी सक्तीची करावी, आणि पोरानं उत्तरासोबत आपण अक्षरं मोजली, कोड मोजले का बाइट मोजले तेही लिहावं. क्लासवाल्यांनी तर हे उद्यापासूनच सुरू करावं, त्यांना कुणाला विचारायचं नाहीये.

आपला एक वाचक,
परभणी