हेडलाइटमधील दव आणि चुकीची दुरुस्ती

संपादक महोदय,

पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यावरील गायमुख घाट रात्री ओलांडताना हेडलाइटचा प्रकाश पुरेसा पडणे किती गरजेचे असते, हे रोज त्या वाटेने जाणाऱ्यांना सांगायला नको. काचेवर आतून पातळ धुके साचले, तर घाबरण्याचे कारण नाही. दिवा पूर्ण हवाबंद नसतो, तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून त्याला लहान छिद्रे ठेवलेली असतात आणि त्यांतून शिरलेल्या दमट हवेचे थंड काचेवर दव होते. दिवे लावून थोडा वेळ गाडी चालवली की ते बहुधा विरते. एलईडी दिव्यांची काच फारशी तापत नसल्याने तिथे अधिक वेळ लागतो. मात्र आत थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचले असेल, तर रबरी सील, मागचे झाकण किंवा काचेचा जोड तपासायलाच हवा. माझ्या गाडीच्या दिव्याला एका गॅरेजमध्ये छिद्रांसकट सगळीकडे सिलिकॉन लावून दिले आणि ओल आतच कोंडली. बल्ब बदलताना झाकण तिरके बसले होते, हे खरे कारण पुढे कळले. मेकॅनिकांनी आधी गळती शोधावी, दिवा नीट वाळवावा आणि छिद्रे मोकळी ठेवावीत, ही कळकळीची विनंती.

एक वाहनचालक, कासारवडवली, ठाणे