खाड्यामागचं कारण कोणी विचारतं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘कामगारांना शिस्तच उरलेली नाही, वाटेल तेव्हा दांडी मारतात’ ही तक्रार आमच्या भोसरी-चाकण पट्ट्यात कायम कानावर येते. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी 31 वर्षं मस्टर (हजेरीपट) सांभाळलं, म्हणून हे लिहितो आहे.

कारणाच्या रकान्यात आम्ही सरसकट ‘घरगुती’ लिहायचो. त्या एका शब्दात जूनची पेरणी असे, भावकीतलं लग्न असे, आषाढीची वारी असे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी दारूही असे, ते नाकारत नाही. पण असे लोक बोटांवर मोजण्याइतके.

हजेरी भत्त्याचंच घ्या. एक खाडा पडला की अख्ख्या महिन्याचा भत्ता जायचा. मग तीन तारखेला तापानं घरी राहिलेला माणूस त्याच महिन्यात आणखी दोन खाडे सहज करायचा. जायचं ते गेलेलंच असायचं! ईएसआयकडून, म्हणजे कामगार विमा योजनेकडून, आजारपणाचे पैसे मिळत, पण पहिले दोन दिवस धरत नसत. भरपगारी रजा हवी तर अर्ज 15 दिवस आधी. पोराचा ताप कुठे 15 दिवस आधी कळतो? त्यात रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही की पहिल्या पाळीवाल्यालाच डबल ड्युटीला थांबवायचे. 16 तास मशीनवर उभा राहिलेला तो दुसऱ्या दिवशी हमखास गैरहजर.

पॅकिंगमधल्या एका बाईंना तिसरं वॉर्निंग लेटर द्यायला मीच गेलो होतो. त्यांनी ते घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या, “भाऊ, सहाला गेटवर यायचं तर पाचला घर सोडावं लागतं. सासूबाई गावी गेल्या की पोरीला कुणाकडे ठेवू?” आमच्याकडे बायका तीसपेक्षा कमी, त्यामुळे कायद्यानं पाळणाघराची सक्ती नव्हती. मी सुपरवायझरशी बोललो, त्यांना उशिरा सुरू होणारी जनरल शिफ्ट मिळाली आणि खाडे थांबले. तीन पत्रं टाइप होईपर्यंत कारण कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्याची खंत आजही आहे.

मालक मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे: भत्ता कापायचा तर गैरहजर दिवसापुरताच कापा, आणि पहिलं पत्र टाइप व्हायच्या आत त्या माणसाला समोर बसवून पाच मिनिटं बोला.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर, भोसरी